जमीन तपासल्याने उद्यान रखडत नाही

संपादक महाशय,

‘माती परीक्षणात अडकले किनारी उद्यान’ हे कालचे शीर्षक वाचल्यापासून मनाला चैन नाही. जमिनीच्या तपासणीला चार महिने लागले म्हणून उद्यान रखडले, असे सांगून बातमीत सगळा दोष तपासणीवर टाकला आहे. मी एकवीस वर्षे ड्रिलिंगच्या साइटवर काढली, म्हणून लिहितो.

“बागच तर करायची आहे, इमारत थोडीच बांधायची आहे!” असे कुणीतरी आपल्या वार्ताहराला सांगितले आणि त्यांनी ते तसेच छापले. हेच वाक्य मी एका साइटवर ऐकले होते. तीही समुद्रकाठची भरावाची जमीन, तेही उद्यानच. जमिनीचे नमुने काढण्यासाठी आठ बोअर, म्हणजे खोल छिद्रे, ठरले होते, घेतले तीन, आणि तेही सहा मीटरवर थांबवायला लावले. वर मुरूम आणि विटांचे तुकडे, त्याखाली काळपट राखाडी चिखल. जमीन किती घट्ट आहे हे पाहण्याच्या एसपीटी चाचणीत 63.5 किलोचा हातोडा पाऊण मीटरवरून सोडतात आणि रॉडच्या टोकाची नमुना घेणारी नळी (सॅम्पलर) 30 सेंटीमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजतात. त्या चिखलात मोजायला ठोकेच नव्हते. हातोडा नुसता टेकवला तरी रॉड आपोआप खाली जात होते. सहा मीटरला चिखल संपलेला नव्हता. “तळ लागेपर्यंत जाऊ द्या,” असे मी म्हणालो. पण मशीन दुसरीकडे हवे होते. बोअर बंद केला.

दोन वर्षांनी त्याच उद्यानात गेलो. स्वच्छतागृह पाइलवर, म्हणजे जमिनीत खोलवर गेलेल्या खांबांवर, उभे होते, ते जागचे हलले नव्हते. भोवतालची जमीन मात्र वीतभर खाली गेली होती. दाराशी आपसूक एक पायरी तयार झाली होती आणि सांडपाण्याचा पाइप जोडावर तुटला होता. माझ्या डोळ्यांदेखत एक आजी त्या पायरीवर अडखळून पडल्या. त्यांना उठवताना मला तो अर्धवट बोअर आठवत होता. आजही आठवतो.

चिखलावर भराव टाकला की त्यातले पाणी हळूहळू पिळून निघते आणि जमीन बसत जाते. मृदा यांत्रिकीचे जनक कार्ल टेरझागी यांनी याचे गणित 1925 साली मांडले. थराची जाडी दुप्पट असेल तर बसायला चौपट वेळ लागतो. म्हणून तळ कुठे आहे हे कळलेच पाहिजे. ते न कळता पायवाटेचे पेव्हर ब्लॉक बसवले तर ते दर वर्षी उचलून पुन्हा बसवावे लागतात.

त्या उद्यानातल्या झाडांचे तर फारच वाईट झाले. तळ्यासाठी खणलेला चिखल ‘सुपीक माती’ म्हणून हिरवळीखाली पसरला होता. त्याला सडलेल्या अंड्यांचा वास येत होता, तोच इशारा होता. अशा किनारी चिखलात लोह आणि गंधकाचे खनिज असते. पाण्याखाली ते निवांत असते, हवा लागली की त्याचे सल्फ्युरिक आम्ल होते. मातीचा पीएच 4 च्या खाली जातो, ढेकळांवर वाळल्या गवतासारखे फिकट पिवळे डाग पडतात. रोपे जळत होती आणि माळी बिचारे आणखी पाणी घालत होते. नमुना काही आठवडे ओलसर आणि हवेत उघडा ठेवून पीएच पाहिला असता, सोबत क्षार मोजले असते, तर हे आधीच कळले असते.

जपानमधल्या उरायासू शहराचा मोठा भाग समुद्रात भराव टाकून केलेला आहे. 11 मार्च 2011 च्या भूकंपाचे केंद्र शेकडो किलोमीटर दूर होते, तरी तिथली वाळू पाण्यासारखी झाली, रस्ते फाटले, मॅनहोल वर आले. तिथल्याच टोकियो डिस्नेलँडच्या वाहनतळाची जमीन द्रवली. आतल्या उद्यानाखालची जमीन मात्र बांधण्याआधीच घट्ट केलेली होती, ती टिकली. माणसे बागेतच फिरणार आहेत, मुले तिथेच खेळणार आहेत. त्यांच्या पायाखालची जमीन इमारतीच्या पायाइतकीच महत्त्वाची आहे, असे मला मनापासून वाटते.

आपल्या वार्ताहरांना नम्र विनंती आहे. बोअर किती, कुठे आणि किती खोल घेतले, ते विचारा. बोअरमधली पाण्याची पातळी भरतीला आणि ओहोटीला वेगवेगळी नोंदवली का, तेही विचारा. आमच्याकडे ती फक्त सकाळी एकदा घेतली होती आणि तोच आकडा अहवालात गेला. चार महिने लागले असतील तर ते कशात लागले, हे वाचकांना कळू द्या.

आणखी एक. फोटोखाली ‘बोअरवेलचे काम सुरू’ असे छापले आहे. ती बोअरवेल नाही, तिथे कुणी पाणी शोधत नाही. तिवईखाली उन्हात उभे असलेले ते तिघे जमिनीचे नमुने काढत आहेत. तेवढी दुरुस्ती उद्याच्या अंकात जरूर करावी.

आपला,
एक निवृत्त ड्रिलिंग पर्यवेक्षक