लग्न ठरलं की फॉलिक ॲसिडची गोळीही ठरावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा झाला की बीड, धाराशिव, परभणीकडच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. एका कोयत्याला नवरा-बायको दोघं लागतात, म्हणून उचल घ्यायच्या आधी कितीतरी घरांत पोरापोरींची लग्नं उरकली जातात. नवी नवरी थेट फडात जाते आणि अनेकदा तिथेच तिला दिवस जातात. तालुक्याच्या गावात माझं औषधाचं दुकान आहे. रक्तवाढीच्या गोळ्या न्यायला चौथ्या-पाचव्या महिन्यातल्या बायका येतात. लग्न ठरलंय म्हणून फॉलिक ॲसिड, म्हणजे एक ब-जीवनसत्त्व, मागायला मात्र क्वचितच कुणी येतं.

खरी गरज तेव्हाच असते. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून घडतात, ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते, आणि नीट मिटायला फॉलिक ॲसिड लागतं. नीट मिटली नाही तर मणक्यात फट राहते, ज्याला डॉक्टर स्पायना बायफिडा म्हणतात, किंवा मेंदू आणि कवटीच पुरी घडत नाही. पाळी चुकली, सासूला सांगितलं, मग दवाखान्यात गरोदरपणाची नोंदणी झाली, तोवर ती नळी मिटूनही गेलेली असते. तिसऱ्या महिन्यात सुरू केलेली गोळी रक्तासाठी कामाची, या व्यंगासाठी नाही. म्हणून मूल हवं असेल तर निदान महिनाभर आधीपासून पहिले तीन महिने संपेपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम. आधीच्या खेपेला असं व्यंग असलेल्या बायकांवर ब्रिटनमध्ये मोठी चाचणी झाली, तिचा निकाल १९९१ साली आला: गर्भधारणेआधीपासून रोज ४ मिलिग्रॅम दिल्यावर धोका ७२ टक्क्यांनी घटला.

ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज लाल गोळी आहे, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची. शाळेतल्या मुलींना आठवड्याला निळी गोळी. गर्भधारणेच्या आधी रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यावं, हेही त्याच कार्यक्रमात लिहिलेलं आहे. पण शाळा सुटल्यापासून नोंदणी होईपर्यंतच्या काळात मुलीला गाठणार कोण? आशाताईंकडे पात्र जोडप्यांची नोंदवही असते. पाळणा लांबवायचा कुणाला, ते त्यात विचारतात. पाळणा हलवायचा आहे त्यांच्या नावापुढे फॉलिक ॲसिडचा एक रकाना वाढवावा आणि टोळी निघायच्या आधी तीन-चार महिन्यांच्या गोळ्या हातात द्याव्यात. फडावर कोण आणून देणार आहे?

आता सुरक्षिततेचं. ४०० मायक्रोग्रॅमची गोळी निर्धोक आहे. गोळीनं बाळ काळं होतं हे खोटं. काळी होते ती शौच, तीही लोहामुळे. अडचण वेगळीच आहे. आमच्या दुकानांत सहज मिळते ती ५ मिलिग्रॅमची, म्हणजे बारापटीहून मोठी. ती आधी व्यंग असलेलं मूल झालेल्या किंवा काही ठरावीक आजार असलेल्या बाईला डॉक्टर देतात. सरसकट सगळ्यांनी घ्यायची ती नव्हे. प्रौढांसाठी गोळीतून दिवसाला १००० मायक्रोग्रॅमच्या वर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये, असं मानतात. कारण बी-१२ हे जीवनसत्त्व कमी असेल तर मोठ्या मात्रेनं रक्ताचा अहवाल सुधारतो आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. आपल्याकडे माळकरी घरं किती, दूधही बेताचंच; त्यामुळे हातापायाला मुंग्या येत असतील तर आधी बी-१२ तपासा. आकडीवरच्या काही औषधांनी, विशेषतः व्हॅलप्रोएटनं, याच व्यंगाचा धोका वाढतो. त्या बाईनं दिवस राहण्याआधी डॉक्टरांना भेटावं, पण औषध मनानं बंद करू नये.

मेथी, पालक, हरभऱ्याची भाजी, मूग यांत फोलेट, म्हणजे फॉलिक ॲसिडचंच नैसर्गिक रूप, असतं, ते खावंच. मात्र फार वेळ शिजवलं की बरंचसं जातं आणि पाणी फेकलं की आणखी जातं. एकट्या भाजीवर भिस्त ठेवून चालत नाही.

गंमत अशी की फॉलिक ॲसिडचा पहिला माग लागला तो मुंबईतच. १९२८ नंतर लुसी विल्स या इंग्रज डॉक्टरबाई गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांच्या पंडुरोगाचं कारण शोधत होत्या, त्यातून पुढे फॉलिक ॲसिड सापडलं.

औषध विक्रेत्या बांधवांनाही विनंती: ४०० मायक्रोग्रॅमची गोळी ठेवा. स्वस्त आहे, नफा कमी, म्हणून ती मागवली जात नाही. आणि लग्नाच्या घरचं कुणी दुकानात आलं, तर न मागताही तिचं नाव काढा.

आपली,
एक महिला फार्मासिस्ट
केज, जि. बीड