संकेतस्थळांची चाचणी दिव्यांगांच्या हातूनही व्हावी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

डिजिटल सेवा वापरता येणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजीच्या निकालात स्पष्ट केले. बँकांसारख्या संस्थांनी आपली संकेतस्थळे व ॲप प्रमाणित तज्ज्ञांकडून ठरावीक काळाने तपासून घेणे त्या निकालाने बंधनकारक केले. चाचणीत अंध व्यक्तींना सामील करून घेणे मात्र संस्थांच्या इच्छेवर राहिले आहे, आणि माझ्या मते खरी उणीव तिथेच आहे.

स्वयंचलित तपासणीचे सॉफ्टवेअर उपयोगी असते, परंतु त्याची दृष्टी मर्यादित असते. छायाचित्राला पर्यायी मजकूर, म्हणजे त्यात काय आहे हे शब्दांत सांगणारे वर्णन, जोडलेला आहे, एवढे त्याला कळते. तो मजकूर नुसता ‘प्रतिमा १’ असा निरर्थक आहे, हे कळत नाही. मराठी मजकुराच्या बाबतीत तर अडचण आणखी वाढते. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची प्रमाण संकेतपद्धती येण्यापूर्वीच्या जुन्या फाँटमध्ये तयार केलेली पीडीएफ पडद्यावर शुद्ध मराठी दिसते, पण तिच्या आत रोमन अक्षरांचे संकेत असल्यामुळे स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) ती वाचू लागला की अर्थहीन अक्षरे ऐकू येतात. कागद स्कॅन करून चढवला असेल, तर बहुधा काहीच ऐकू येत नाही. हे दोष रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या व्यक्तीच्या पहिल्या काही मिनिटांतच लक्षात येतील. माउस धरता न येणाऱ्या व्यक्तीला केवळ कीबोर्डवरून अर्ज शेवटपर्यंत भरता येतो का, ओटीपीची मुदत तिला पुरते का, हेही प्रत्यक्ष वापरातूनच नीट समजते.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २.६८ कोटी दिव्यांग आहेत, आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ पासून अस्तित्वात आहे. एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर विनामूल्य मिळत असल्याने साधनांच्या खर्चाची सबब पटणारी नाही.

म्हणून राज्य शासनाने आणि महापालिकांनी संकेतस्थळांच्या निविदांतच अशी अट घालावी की, अंध, कर्णबधिर व हालचालींच्या मर्यादा असलेल्या व्यक्तींनी मराठी पृष्ठांसह संपूर्ण सेवा वापरून पाहिल्याशिवाय आणि त्यांनी दाखवलेले दोष दुरुस्त झाल्याशिवाय कंत्राटदाराचे अंतिम देयक मंजूर होणार नाही. या कामाचे रीतसर मानधनही त्यांना त्याच निविदेतून मिळावे.

आपला,
एक वाचक, पुणे