चित्राखालची रंगपट्टी का कापली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पहिल्या पानावर चिकोडी-निपाणी पट्ट्यातल्या उसाची दोन उपग्रह-चित्रे शेजारी शेजारी छापली आहेत. गेल्या वर्षीचे हिरवेगार, यंदाचे पिवळट, वर मथळा 'हिरवाई आटली'. मी आपला जुना वाचक आहे. सीमाभागातल्या वाचकांसाठी आपले बातमीदार किती राबतात ते मला ठाऊक आहे. तरीही स्पष्ट लिहितो, ही दोन चित्रे अशी जोडीने छापायला नको होती.

दोन्ही चित्रांची मोजपट्टी एक नाही. गेल्या वर्षीच्या चित्राच्या कडेला रंगपट्टीचा, म्हणजे कोणता रंग किती आकड्याचा ते सांगणाऱ्या पट्टीचा, एक तुकडा उरला आहे, त्यावर गडद हिरव्यापाशी ०.६ दिसते. यंदाच्या चित्राची पट्टी तर पूर्ण कापली आहे. पण त्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात खानापूरकडचे दाट जंगल आले आहे, ते गेल्या वर्षीच्या चित्रात नाही. सगळा घोळ तिथे आहे. पिकाची हिरवाई सांगणारा एनडीव्हीआय हा आकडा उणे १ ते अधिक १ यांच्या दरम्यान असतो आणि दाट जंगलात तो ०.८ च्या वर जातो. सॉफ्टवेअरला आपण मर्यादा नेमून दिल्या नाहीत, तर ते पुष्कळदा त्या त्या चित्रातला सर्वांत लहान आकडा पट्टीच्या एका टोकाला आणि सर्वांत मोठा दुसऱ्या टोकाला लावून मोकळे होते. उदाहरणादाखल ०.५ चे उसाचे शिवार घ्या. पट्टी ०.१ ते ०.६ असेल तर ते ऐंशी टक्के वर, म्हणजे चांगले हिरवे दिसेल. जंगलामुळे पट्टी ०.९ पर्यंत ताणली गेली की तेच शिवार बरोबर मध्यावर, पिवळटात येते. शिवारात मात्र एक पानसुद्धा बदललेले नसते.

कुठे ऊस खरोखर पिवळा पडलाही असेल, पण ते या चित्रांवरून ठरत नाही. वेदगंगेकाठचा माझा ऊस आज सकाळी पाहून आलो, चांगला आहे. काल संध्याकाळी मात्र आमच्या गल्लीतले एक शेतकरी अंक हातात धरून साखर कारखान्याच्या चिटबॉयला, म्हणजे उसाच्या नोंदी ठेवणाऱ्या माणसाला, फोन लावत होते, आता टनेज कमी धरणार का म्हणून. त्यांना समजावताना मला रात्र झाली.

मी एवढा चिडलो त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या भावाला खोकला धरला. एका केंद्रात सीटी स्कॅन केला, फुप्फुसात बारीक गाठ निघाली, तीन महिन्यांनी परत बघू म्हणाले. दुसरा स्कॅन दुसऱ्या केंद्रात झाला. संध्याकाळी दोन्ही फिल्म खिडकीच्या काचेला लावून आम्ही सगळे बघत उभे राहिलो. पहिल्या फिल्मवर गाठ म्हणजे एक टिंब, दुसरीवर चांगली ठसठशीत. रिपोर्ट हाती यायच्या आधीच घरात सुतक पडल्यासारखे झाले. वहिनी दोन दिवस जेवली नाही. दादाने मुलांना बोलावून वाटणीचा कच्चा कागद केला, विहिरीचे पाणी कोणी कोणत्या दिवशी घ्यायचे तेसुद्धा लिहून ठेवले. तो कागद अजून माझ्या कपाटात आहे.

पाचव्या दिवशी कोल्हापूरच्या एका डॉक्टरांनी दोन्ही सीडी कॉम्प्युटरवर लावल्या. माऊस धरून ओढला तशी ठसठशीत गाठ आमच्या डोळ्यांदेखत टिंबाएवढी झाली, उलटा ओढला तशी पुन्हा मोठी. मग दोन्ही गाठी एकाच विंडोवर, म्हणजे छटांच्या एकाच पट्टीवर, ठेवून मोजल्या. दोन्ही वेळा सात मिलिमीटर. पहिली फिल्म मऊ ऊतींच्या विंडोत काढली होती, दुसरी फुप्फुसाच्या. सीटीच्या मापात पाणी शून्य, हवा उणे १०००, हाडे कित्येक शेकडा वर. एवढा पल्ला करड्या रंगाच्या २५६ छटांत एका वेळी मावत नाही, म्हणून त्यातला एक तुकडा निवडून ताणावा लागतो. मऊ ऊतींसाठी साधारण उणे १६० ते अधिक २४० एवढाच तुकडा घेतात, त्यात फुप्फुस सगळे काळे पडते आणि बारीक गाठीची कडाही त्या काळ्यात बुडते. फुप्फुसासाठी तुकडा उणे १३५० पासून अधिक १५० पर्यंत असतो, तिथे तीच कडा उठून दिसते. कोणती विंडो वापरली ते दोन्ही फिल्मच्या कोपऱ्यात बारीक आकड्यांत छापलेले होते. गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांना १९७९ चे नोबेल सीटीसाठी मिळाले हे मी वर्गात कितीतरी वर्षे शिकवले होते. कोपऱ्यातल्या त्या आकड्यांचा अर्थ मला त्या खुर्चीत बसल्यावर कळला. दादा आज ठणठणीत आहे, शेतावर जातो.

त्या फिल्मवर निदान आकडे होते, आम्हाला वाचता आले नाहीत एवढेच. आपण तर आकडेच कापून टाकले. जागा नव्हती म्हणावे तर चित्रांच्या खालीच सराफाची चार कॉलमी जाहिरात आहे.

पुढे पुराचीही चित्रे येतील. २०१९ च्या ऑगस्टमध्ये दूधगंगा-वेदगंगेने काय केले ते इथे कोणाला सांगायला नको. रडारच्या चित्रात पाणी काळे दिसते, पण सपाट डांबरी रस्ता आणि बेळगावजवळच्या सांबरा विमानतळाची धावपट्टीही काळीच दिसते. अशा चित्राची छटा कोणी वरखाली केली आणि पट्टीही छापली नाही, तर कोरड्या घरातली माणसे रातोरात सामान बांधतील.

ही दोन्ही चित्रे एकाच पट्टीवर, चित्र घेतल्याच्या तारखांसह पुन्हा छापावीत. आतल्या पानावर दिलगिरीच्या दोन ओळी नकोत, पहिल्या पानावर तेवढ्याच आकारात हवीत. आणि रविवारच्या पुरवणीतले विज्ञानाचे सदर आपण न सांगता बंद केले, ते का, याचेही उत्तर द्यावे. आमच्या शाळेत मुले ते कापून वहीत चिकटवायची.

आपला,
एक निवृत्त विज्ञानशिक्षक, निपाणी