गालिचा काढा, पाय ऐकू येऊ द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबर उजाडला की पुण्यात गॅदरिंगचा हंगाम सुरू होतो आणि ‘जुनी गाजलेली नृत्यगीते’ हा विषय हमखास निघतो. एकीकडे ‘बुगडी माझी सांडली गं’ आणि ‘पिंजरा’, दुसरीकडे हॉलिवूडचा टॅप, म्हणजे धातूच्या पट्ट्या लावलेल्या बुटांनी जमिनीवर ठेका वाजवायचा नाच. दोन-दोन महिने तालमी होतात आणि कार्यक्रमाच्या सकाळी मंडपवाला मंचावर लाल गालिचा अंथरून जातो. अर्धा नाच तिथेच संपतो. लावणी काय, टॅप काय, हे पायांनी वाजवायचे नाच आहेत. गालिच्यावर ते मुके होतात.

चित्रपट पाहून हे ध्यानात येत नाही, कारण पडद्यावर ऐकू येणारे पाय बहुधा त्या क्षणाचे नसतातच. गाणे आधी मुद्रित करायचे, सेटवर ते लावून नाच चित्रित करायचा आणि टॅपचे आवाज नंतर स्टुडिओत फळीवर नाचून भरायचे, अशी तिकडची पद्धत. १९५२ च्या ‘सिंगिंग इन द रेन’मध्ये जीन केली डबक्यांतून नाचतो. त्या पाण्यात बुटांचा आवाज एवढा कोरडा कसा वाजेल? आपल्या तमाशापटांतही घुंगरू गाण्यातच मुद्रित झालेले असतात. मुले तोच ट्रॅक मोठ्याने लावून नाचतात, म्हणून पाय उशिरा पडला तरी परीक्षकाला पत्ता लागत नाही.

उपाय फार खर्चाचा नाही. १८ मिमीच्या प्लायवुडच्या ८ बाय ४ फुटी चार फळ्या टिंबर मार्केटातून आणल्या की १६ बाय ८ फुटांची जागा होते. तीन-चार जणांच्या टॅपला ती पुरते. फळीखाली फूट-फूट अंतरावर लाकडी रिपा ठोकाव्यात. मधली पोकळी आवाज देते आणि फळी किंचित लवते, त्यामुळे नडग्यांना हादरा कमी बसतो. रिपांखाली रबराच्या पट्ट्या हव्यात, नाहीतर फळ्या सरकतात. सांध्यांवर कापडी चिकटपट्टी घट्ट बसवावी. टाच अडकून पडायची जागा हीच. रंगमंदिराच्या मंचाला मात्र खिळा लावायचा नाही. फरशीवर किंवा काँक्रीटवर टॅपची रोज तालीम घेणे तर शुद्ध अविचार आहे. आठवड्याभरात नडग्या दुखू लागतात आणि दोष मुलांच्या माथी जातो.

आवाज उचलायला दोन छोटे माइक मंचाच्या पुढच्या कडेला, फोमच्या तुकड्यावर, जमिनीलगत ठेवावेत. वरून टांगलेला माइक पायांपेक्षा प्रेक्षागृहच जास्त ऐकतो. दुसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही: आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मैदानावरच्या कार्यक्रमात स्पीकर फक्त पुढे असतील आणि नाचणारी १० मीटर मागे असेल, तर तिला ठेका सेकंदाच्या चौतिसाव्या भागाइतका उशिरा ऐकू येतो. एवढा उशीर टॅपमध्ये कानाला खटकतो. म्हणून एक स्पीकर विंगेत, नाचणाऱ्यांकडे तोंड करून हवाच.

आता चाळ. दोरीत ओवलेल्या प्रत्येक घुंगरामागे गाठ हवी, म्हणजे एक तुटला तरी बाकीचे मंचभर सांडत नाहीत. शाळकरी मुलींना एका पायाला ५० घुंगरू पुष्कळ झाले. १०० बांधून मिरवणाऱ्या मुली दुसऱ्या कडव्यापासून पाय फरफटू लागतात. आधी घोट्याच्या वर सुती पट्टी गुंडाळावी आणि चाळ तिच्यावर बांधावी, नाहीतर ती घसरून घोट्याच्या हाडावर येते आणि कातडी सोलते. नऊवारीचा काठ चाळीच्या वर राहील असाच कासोटा घालावा. काठाखाली दबलेले घुंगरू वाजत नाहीत.

टॅपच्या बुटाला चवड्याखाली एक आणि टाचेखाली एक अशा धातूच्या पट्ट्या असतात. त्यांच्याऐवजी बाटल्यांची बुचे चिकटवायचा उद्योग करू नये. गुळगुळीत फरशीवर तो थेट हाड मोडण्याचा मार्ग आहे. पहिले पाऊल शफल: गुडघा सैल, घोटा त्याहून सैल, चवडा पुढे घासायचा आणि तसाच मागे ओढायचा. आवाज दोन यायला हवेत. एकच येत असेल तर घोटा आवळलेला आहे, किंवा अंगाचा भार टाचेवर आहे. या एका पावलाला आठवडा द्यावा लागतो. घाई इथेच होते.

‘वेस्ट साइड स्टोरी’ या अमेरिकी संगीतिकेतले ‘अमेरिका’ हे गाणे दरवर्षी कोणीतरी बसवते आणि दरवर्षी ते आठ मात्रांच्या टाळ्यांत कोंबले जाते. त्याची गंमत सहाच्या दोन तुकड्यांत आहे. आधी तीन-तीन, मग दोन-दोन-दोन: एकदोनतीन एकदोनतीन, एकदोन एकदोन एकदोन. सहा मात्रांचा दादरा हाताला बसलेला असेल त्याला हे चटकन कळेल. १९५७ च्या रंगभूमीवरील मूळ प्रयोगात हे गाणे फक्त मुलींचे होते, १९६१ च्या चित्रपटात मुलगे आले. मुलगे कमी असतील तर मूळ रूप घ्यावे, ओढाताण नको.

क्लिप पाहून शिकायचेच असेल तर हॉलिवूडचा टॅपनर्तक फ्रेड अस्टेअर याची घ्यावी. डोक्यापासून पायापर्यंत सगळे चौकटीत दिसलेच पाहिजे, असा त्याचा आग्रह असे. तमाशापटांत कॅमेरा सारखा चेहऱ्यावर जातो, तेवढ्या मात्रांत पाय काय करतात ते दिसत नाही आणि ती पोकळी हल्ली सर्रास गरब्याने भरली जाते! डोळ्यांची अदा ही बैठकीच्या लावणीची, चार हातांवर बसलेल्या श्रोत्यांसाठी. पंधराव्या रांगेला ती दिसत नाही. तिथे खांदा, मान आणि पदर धरलेला हातच पोहोचतो. १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ याच शहरात, विजयानंद चित्रपटगृहात, दोन वर्षांहून अधिक काळ चालला. त्यातल्या जयश्री गडकरांच्या मानेकडे पाहावे, नुसत्या डोळ्यांकडे नव्हे.

स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना एकच विनंती: प्रवेशअर्जावर नियमांची दोन पाने असतात, तिथे मंचाची लांबी-रुंदी आणि जमीन कशाची आहे, एवढी एक ओळ छापा.

– एक वाचक,
सदाशिव पेठ, पुणे