‘ही इज अ गे’ का चुकतं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशी जाऊ पाहणाऱ्या नर्सेसना मी मिरजेत इंग्रजी शिकवतो. आयईएलटीएस, ओईटी या इंग्रजीच्या परीक्षांची तयारी, पत्रलेखन, रुग्णाशी बोलणं, हे सगळं वर्गात होतं. एक प्रश्न मात्र तास सुटल्यावर, बाकीच्या जिना उतरल्या की हळूच येतो. गे, लेस्बियन, बायसेक्शुअल हे शब्द वापरायचे कसे? ‘हे सिलॅबसमध्ये नाही’ म्हणून या प्रश्नाची बोळवण करणारे शिक्षक मी पाहिले आहेत. माझ्या मते तो भाषेचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर फळ्यावर, सगळ्यांसमोर दिलं पाहिजे.

गरज काल्पनिक नाही. ब्रिटनमध्ये नोकरीच्या अर्जासोबत समान संधीची माहिती भरायची असते, त्यात लैंगिक कल, म्हणजे आकर्षण कुणाचं वाटतं, हेही विचारतात. (‘सांगायचं नाही’ असाही पर्याय असतो.) इंग्लंड-वेल्सच्या जनगणनेत २०२१ साली हा प्रश्न पहिल्यांदा आला, तोही ऐच्छिक. अशा अर्जातल्या ‘स्ट्रेट’वर बोट ठेवून एका मुलीने मला विचारलं, ‘‘सर, म्हणजे सरळमार्गी ना? मग यावरच टिक करते.’’ इथे ‘स्ट्रेट’ म्हणजे भिन्नलिंगी व्यक्तीचं आकर्षण वाटणारी; टिक कदाचित बरोबर पडली असती, पण कारण भलतंच! ‘बायसेक्शुअल’ म्हटलं की यांना शाळेतली जास्वंद आठवते, कारण पुमंग आणि जायांग एकाच फुलात असलं की आपण त्याला उभयलिंगी म्हणतो. माणसाबद्दल बोलताना तो शब्द शरीररचना नव्हे, स्त्री-पुरुष दोघांबद्दलचं आकर्षण सांगतो.

सर्वांत जास्त ऐकू येणारी चूक म्हणजे ‘ही इज अ गे’. तिचं मूळ आपल्या मराठीत आहे. मराठीत विशेषण सहज नाम होऊन बसतं: आंधळा, श्रीमंत, शहाणा. ‘शहाण्याला शब्दांचा मार’ म्हणताना आपण ‘शहाण्या माणसाला’ म्हणत नाही. इंग्रजीत ही सवय चालत नाही. एका माणसाबद्दल बोलताना ‘ही इज गे’ किंवा ‘अ गे मॅन’ म्हणावं. ‘अ गे’ म्हटलं की व्याकरण खटकतंच, शिवाय त्या माणसाची तेवढीच ओळख उरते. ‘लेस्बियन’ मात्र नाम आणि विशेषण दोन्ही, म्हणून ‘शी इज अ लेस्बियन’ चालतं. नियम सरसकट नाही, तो शब्दागणिक शिकावा लागतो.

‘होमोसेक्शुअल’ व्याकरणाने बिनचूक, तरी कानाला खुपतो. हा शब्द १८६९ साली जर्मन पत्रकातून छापात आला, पुढे डॉक्टरांच्या हाती गेला आणि अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९७३ साली समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढेपर्यंत त्याला दवाखान्याचा वास चिकटून राहिला. ‘होमो’ ही तर शिवीच. ‘सेक्शुअल प्रेफरन्स’चंही तसंच. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदासाठी उमेदवार असलेल्या एमी कोनी बॅरेट यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये सिनेटच्या सुनावणीत हा शब्दप्रयोग केला, सिनेटर मेझी हिरोनो यांनी हरकत घेतली आणि बॅरेट यांनी माफी मागितली. कल हा आवडीनिवडीसारखा निवडलेला नसतो, हा हरकतीचा मुद्दा. मेरियम-वेबस्टर कोशानेही लगेच आपल्या नोंदीत तो वापर आक्षेपार्ह असल्याचं घातलं. न्यायाधीशपदाच्या उमेदवाराला जे अडतं, ते आमच्या मुलींना का अडू नये?

आता थोडं वृत्तपत्रांकडे. ‘ट्रान्सजेंडर्स’ असं चुकीचं अनेकवचन बातम्यांत वरचेवर दिसतं. २०१९ च्या केंद्रीय कायद्याच्या नावातच ‘ट्रान्सजेंडर पर्सन्स’ आहे, तेवढं वाचलं तरी पुरे. शिवाय ट्रान्सजेंडर असणं हा लैंगिक कल नव्हे. ती व्यक्ती स्वतःला पुरुष मानते, स्त्री मानते की आणखी काही, हा तो विषय. तिला आकर्षण कुणाचं वाटतं, हे त्यावरून ठरत नाही. समलिंगी पुरुषाला तृतीयपंथी म्हणून मोकळे होणारे या दोन्हींची गल्लत करतात.

मद्रास उच्च न्यायालयातील प्रकरणानंतर तमिळनाडू सरकारने २०२२ मध्ये अशा शब्दांची तमिळ-इंग्रजी सूची राजपत्रात प्रसिद्ध केली. आपल्या शैक्षणिक पुरवणीत मराठी-इंग्रजी यादी, प्रत्येक शब्दापुढे एकेक वाक्य देऊन, छापता येईल का? कोशकाराबरोबर या समाजातल्या दोघा-तिघांनाही ती तयार करायला बसवावं. मी कात्रण काढून वर्गात लावेन.

– एक इंग्रजी शिक्षक, मिरज