दादा, तो तारेचा ब्रश टाकून दे

प्रॉव्हिडन्स, अमेरिका, रविवार

ती. दादा व सौ. वहिनींस,
साष्टांग नमस्कार.

गच्चीवरच्या नव्या ग्रिलचा व्हिडिओ पाहिला. भरताची वांगी, कणसं, खाली लाल निखारे. थंडीतलं नागपूर डोळ्यांपुढे आलं. पण शेवटी तू जाळी घासताना दिसलास. हातात तारेचा ब्रश, त्याच्याही तारा मुडपलेल्या. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

अशा ब्रशची एखादी तार निघते आणि जाळीवरच्या काळ्या तेलकट थराला चिकटून बसते. इतकी बारीक की काळ्यावर दिसतच नाही. पुढच्या वेळी वांगं ठेवलं की त्यात रुतते आणि घासाबरोबर पोटात. मागच्या उन्हाळ्यात शेजाऱ्यांकडे छोटीला कणसाचे दाणे सोलून देताना अशीच तार माझ्या बोटाला टोचली. तिनं ते कणीस दातांनी खाल्लं असतं तर?

आमच्या याच गावात एका रुग्णालयात मार्च २०११ ते जून २०१२ एवढ्या काळात असे सहा रुग्ण आले होते. कुणाच्या घशात तार रुतलेली, कुणाच्या आतड्याला भोक पडलेलं. पुढे २००२ ते २०१४ या वर्षांचा हिशेब मांडला गेला, तेव्हा अमेरिकेत सुमारे १,७०० जणांना यासाठी इमर्जन्सीत जावं लागलं असावं, असा अंदाज निघाला.

जाळी गरम असतानाच अर्धा कांदा लांब काट्याला टोचून, कापलेली बाजू खाली धरून घास. चिकटलेलं सुटतं. अॅल्युमिनियम फॉइलचा बोळा चिमट्यात धरूनही चालतो. पार गार झाल्यावर नारळाची शेंडी आहेच. आई तवा तिनंच घासायची. मग जाळी ओल्या फडक्यानं पूस आणि निखारे पेटवण्याआधी टॉर्च मारून तिच्यावर नजर फिरव. भांड्यांच्या तारेच्या घासणीचेही तुकडे पडतात, ती जाळीला लावू नका.

आणि दादा, हे वहिनींनाही वाचून दाखव. जेवल्यावर कुणाला घशात टोचायला लागलं, गिळताना दुखलं किंवा पोटात कळ आली, तर माशाचा काटा अडकल्यावर देतात तसं केळं नाहीतर कोरडा भात गिळायला देऊ नका. सरळ दवाखाना गाठा आणि जाळी तारेच्या ब्रशनं घासली होती हे आपण होऊन सांगा. डॉक्टरांच्या ते मनातही येणार नाही. एक्स-रे किंवा सीटी स्कॅनमध्ये तार सापडू शकते. एमआरआय काढायची वेळ आली तर पोटात धातू असू शकतो हे आधी सांगायचं.

ब्रश आजच टाक. पण जाड कागदात गुंडाळून, वर चिकटपट्टी लावून; कचरागाडीवाल्या पोरांच्या हाताला टोचायला नको.

तुझी धाकटी