मात्रेला वेगळी जागा लागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दांडिया बाजारात मी २८ वर्षं मराठी टंकलेखन शिकवलं, म्हणून हे पत्र.

अकरावीतल्या नातीने आमच्या गणपतीच्या वर्गणीची यादी पायथॉन या संगणकाच्या भाषेत केली. छापायच्या 'प्रिंट' या आज्ञेत स्वल्पविराम दिला की मध्ये आपोआप एक स्पेस पडते, ती नको असेल तर 'सेप' बदलायचा, ओळ तोडायची नसेल तर 'एंड'. एवढं तिला येतं. रकमा एकाखाली एक याव्यात म्हणून तिने 'एलजस्ट'ने, म्हणजे नावापुढे स्पेस भरून ठरलेली लांबी करणाऱ्या आज्ञेने, प्रत्येक नावाला १२ जागा दिल्या. इंग्रजी नावांना रकाना अगदी ओळंब्यात आला. मराठीत मात्र गाडगीळांची रक्कम एकीकडे आणि सुर्व्यांची डावीकडे सरकलेली. शिकवणीत विचारलं तर उत्तर मिळालं, "नावं इंग्रजीत लिही." हे मला फार लागलं.

आम्ही दोघींनी कागदावर मोजलं. पायथॉन अक्षरं मोजत नाही, युनिकोडची (संगणकातल्या सर्व लिप्यांच्या सामायिक संकेतावलीची) चिन्हं मोजतो. गाडगीळ म्हणजे ग, काना, ड, ग, वेलांटी, ळ: सहा. सुर्वे म्हणजे स, उकार, र, हलन्त, व, मात्रा: तीही सहाच. म्हणून दोन्ही नावांपुढे सहा-सहा स्पेस पडल्या. पण सुर्वेमधला उकार खाली बसतो, रफार आणि मात्रा वर. आडवी जागा ती घेतच नाहीत. आमच्या टाइपरायटरवर उकाराची किंवा मात्रेची कळ दाबली तर कॅरेज पुढे सरकत नसे. मुली हे पहिल्या आठवड्यातच शिकत.

उपाय पायथॉनमध्येच आहे. सोबत येणाऱ्या 'युनिकोडडेटा' मॉड्यूलला (तयार जोडभागाला) प्रत्येक चिन्हाचा वर्ग विचारता येतो. उकार, मात्रा, हलन्त, अनुस्वार 'एमएन' वर्गातले, म्हणजे आडवी जागा न घेणारे. तेवढे लांबीतून वजा करायचे आणि मग स्पेस भरायच्या. काना-वेलांटी वजा करू नयेत, त्यांना जागा लागते. रफार-जोडाक्षरांमुळे आणि फॉन्टप्रमाणे थोडा फरक उरतो, म्हणून नोटीस बोर्डावरची प्रत आम्ही स्प्रेडशीटमधून काढली. पण पडद्यावरची यादी आता वाचता येते.

शहरात पायथॉन शिकवणाऱ्या सर्वांना माझी कळकळीची विनंती आहे: स्पेसचा धडा घेताना एकदा तरी वर्गाचा हजेरीपट मराठीत छापून दाखवा. गुजरातीतही उकार-मात्रांचं असंच आहे, तेव्हा तो गुजरातीत छापलात तरी चालेल.

आपली,
एक निवृत्त टंकलेखन शिक्षिका,
दांडिया बाजार, बडोदे